परत दिलेली गोधडी

तीर्थरूप अण्णा,
अंदमानातून शालूचा नमस्कार.

कॅमेरा बिलकुल सुखरूप पोचला. बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवल्त्या, म्हणून कुणी अडवलं न्हाई. रोज पाण्याखाली माशांचे फोटो काढून राह्यले. काळजी करू नका. तुमचा गुडघा कसा आहे?

विमानतळावर डायव्हिंगच्या सामानानं बॅगेचं वजन जास्त झालं, तेव्हा आईनं शिवलेली गोधडी मी तुमच्या हाती परत दिली.

काल आईनं फोनवर विचारलं, "गोधडी बराबर पुरते का गं?" मंग कळलं, तुम्ही तिला सांगितलंच न्हाई. मीही "पुरते" म्हणाले.

पिंपळगावच्या घरात गोधडी कुठं लपवलीत, अण्णा? आजच आईला द्या. तिचं बोलणं मी ऐकून घेईन. तुम्ही माझ्यापायी तिच्याशी खोटं बोलू नका.

तुमची,
शालू