पट्टी, पेनल्टी आणि छोटीची जीभ

४ तारीख, सोमवार
...आणि बाबांना नेमकं हेच पटत नाही. रिअ‍ॅक्शन स्पीड वाढला की खेळ सुधारतो. मेंदू तोच, म्हणजे मॅथ्सही सुधारणार. बाबा म्हणाले, आधी पुस्तक उघड. लोकांना सायन्स नकोच असतं.
शनिवारी फुटबॉल टीमची ट्रायल. गोलकीपर मीच. प्लॅन: माझी बहीण छोटी वरून तीस सेंटिमीटरची पट्टी सोडणार, मी दोन बोटांत पकडणार. जितके कमी सेंटिमीटर, तितका मी फास्ट.
आजचा स्कोअर: पट्टी पायावर. वॉर्म-अप होता.

६, बुधवार
बावीस सेंटिमीटर. छोटी म्हणाली, दादा, एवढ्यात तर आजी पण पकडते. दुर्लक्ष केलं.

७, गुरुवार
ब्रेकथ्रू. पट्टी सोडायच्या आधी छोटीची जीभ जराशी बाहेर येते. जीभ दिसली की बोटं मिटायची. दोन सेंटिमीटर! याला चीटिंग नाही, ऑब्झर्वेशन म्हणतात.
उद्या मॅथ्सची टेस्ट. अभ्यासाची आता गरज नाही.

८, शुक्रवार
पेपर अकरा मिनिटांत दिला. काही उत्तरं तर प्रश्न वाचून व्हायच्या आत. मॅडम म्हणाल्या, मागचं पान पण आहे. मी म्हटलं, माहितीये. माहीत नव्हतं.
संध्याकाळी स्कोअर शून्य. छोटी म्हणते, पट्टी मी सोडलीच नव्हती. इतका फास्ट झालोय.

९, शनिवार, सकाळी सात
निघालो. सध्याच्या गोलकीपरची, म्हणजे चष्मिशची, दया येतेय.

दुपारी बारा
सर पेनल्टी मारत होते, मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून. जीभ काही येईना. दोन बॉल गेले. सर म्हणाले, अरे बॉलकडे बघ, माझ्या तोंडाला काय चिकटलंय? मग त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. मी डावीकडे झेप घेतली. त्यांना तहान लागली होती. बॉल जागेवरच.
पाचपैकी एकही अडला नाही. चष्मिशने चार अडवले. वर मला उठायला हात दिला.

१२, मंगळवार
पेनल्टी पाचपैकी शून्य, मॅथ्स वीसपैकी शून्य. खेळाचा आणि अभ्यासाचा थेट संबंध असतो, हे सिद्ध झालं. बाबांना अजून सांगितलेलं नाही.
छोटीने आज कबूल केलं, जीभ ती मुद्दाम काढायची. दादा एकदाचा जिंकला की खेळायला जाता येतं म्हणून.
सर म्हणाले, पुढच्या वर्षी ये. वर्ष आहे हातात. नीट समजावलं तर सरही काढतील की जीभ, नाही का?