चांगली दाढ

सर, तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली. आज तुम्हाला पत्र लिहायला बसले ती आठवण आली म्हणून नाही, स्वतःची किळस आली म्हणून.

दापोडीच्या तुमच्या दातांच्या दवाखान्यात मी नवी होते. एका आजींच्या दाढेवरचा मिश्रीचा काळा डाग मला कीड वाटला आणि चांगली दाढ मी कोरून ठेवली. तुम्ही एकदाच आत डोकावून पाहिलंत, स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसलात आणि म्हणालात, "आजी, चूक माझी झाली. दाढ चांगली होती." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. त्या गेल्यावर मात्र दार लावून असं झापलंत की अजून कान तापतात. मग स्वतःच खुर्चीजवळचं थुंकायचं भांडं घासायला घेतलंत. मी पुढे झाले तर म्हणालात, "राहू दे. तू आधी डाग ओळखायला शीक."

शिकले, सर. आता चिंचवडच्या एका मोठ्या दवाखान्याची प्रमुख आहे. भिंतीवर माझा हसरा फोटो, खाली 'सेवा हाच धर्म'. चाकणच्या कारखान्यांत आम्ही मोफत तपासणीची शिबिरं घेतो, आणि प्रत्येक कार्डावर काहीतरी उपचार निघालाच पाहिजे, हा नियम माझा. मागच्या महिन्यात तिथल्या कँटीनमध्ये पोळ्या करणाऱ्या एक मावशी तपासायला बसल्या. माझ्या हाताखालच्या नव्या डॉक्टरने कार्ड कोरंच ठेवलं. "मॅडम, नुसती मिश्री आहे. दाढ ठणठणीत आहे." मलाही दिसत होतं. मी तिच्या हातातून पेन घेतलं आणि रूट कॅनॉल लिहिलं. पुढे दवाखान्यात ती दाढ कोरायला लावली, तीही तिलाच.

काल मावशी गाल धरून आल्या. "पयलं दुखत न्हवती वो मॅडम, आता घास चावाया येईना." मी हसून म्हणाले, "नवीन आहेत ना डॉक्टर, हात बसला नाही अजून त्यांचा." ती मुलगी शेजारीच उभी होती. मावशीच तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "असू दे बाई, शिकताना व्हतंच." शी! मला तिथून उठून जायलासुद्धा सुचलं नाही. पुढचा पेशंट बोलावला.

तुम्ही हयात असतात, तरी हे पत्र तुम्हाला दिलं नसतं. वाचून तुम्ही चपला घालून तडक चाकणला निघाला असतात, त्या मावशींची माफी मागायला. आणि मी तुम्हाला एकट्याला जाऊ दिलं असतं.