आपली मेर्लो मेर्लो नव्हेच

प्रिय निबाल्दोदादा,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, एदेल्मिराचा, नमस्कार. तिकडे पार दक्षिण टोकाला, पुन्ता अरेनासात, वारा माणसाला उडवून नेतो म्हणतात. तू अजून जमिनीवर आहेस, मेंढ्या धडधाकट आहेत आणि मी विणलेला स्वेटर तू कुणाला देऊन टाकलेला नाहीस, असं धरून चालते. इथे कोल्चाग्वाच्या खोऱ्यात मी बरी आहे. बाबा कसे आहेत, हे तू गेल्यापासून विचारलेलं नाहीस, तरी सांगते. पण आधी आपल्या द्राक्षवेलींचं.

मागच्या आठवड्यात सान्तियागोहून रेबोयेदोबाई आल्या, वेलींच्या तज्ज्ञ. (बूट इतके कोरे, की विमा विकायला आल्यात समजून मी फाटकच उघडत नव्हते.) कुणा फ्रेंच माणसाने दुसऱ्या खोऱ्यात म्हणे सांगितलंय, की आपण जिला मेर्लो म्हणतो त्यातली बरीचशी मेर्लो नाहीच. म्हणून आता मळोमळी तपासणी. बाबा लग्नाची मुलगी दाखवावी तशा थाटात त्यांना घेऊन गेले. पानं लालभडक झाली होती. "बघा, थंडी जवळ आली की आमची मेर्लो लाजते." बाईंनी एक पान उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, "काका, मेर्लो इतकी लाजत नसते."

मला कुतूहल आवरेना. बाईंना एम्पानादा खाऊ घालून मी सगळं काढून घेतलं. आधी पाद्र्यांनी चर्चमधल्या मिस्साच्या वाइनपुरती साधी काळी द्राक्षं लावली. मग खाणींत गबर झालेल्या शेठ लोकांना फ्रेंच वाइनची हौस आली आणि जहाजाने कलमं आली. मेर्लोच्या मोळ्यांत ही दुसरी वेलही विनातिकीट येऊन बसली. पुढे फ्रान्समध्ये मुळं खाणारी कीड पडली; तिथे ही जवळजवळ नाहीशी झाली आणि लोक तिला विसरूनही गेले. आणि ही बया इथे, डोंगर आणि समुद्राच्या मधे, भलत्याच नावाने खुशाल नांदत होती! (त्या मोळ्या कुणी बांधल्या असतील? शुद्धीत होता का? मला सारखा हाच विचार. शेजाऱ्यांचीही पानं मी कुंपणावरून पाहून आले. त्यांची चूक आपल्यापेक्षा मोठी आहे.)

आता तुझं. ही वेल मेर्लोपेक्षा कितीतरी उशिरा पिकते. घाईने तोडली तर वाइनला हिरव्या मिरचीची चव येते. आठवली ती चव? बाबा ताल्काला मयताला गेले होते आणि तू शेतकी कॉलेजातून ताजा ताजा आलेला, पुस्तकात मेर्लोची तारीख होती म्हणून अख्खा मळा तोडून मोकळा झालास. पुढे मिस्सात पाद्रीबाबांनी ती वाइन तोंडाला लावली आणि त्यांचा चेहरा शेवटच्या बाकावरून दिसला. घरी बाबा ओरडले, "स्वतःच्या मळ्यातली द्राक्षं ओळखता येत नाहीत तुला!" तू ओरडलास, "तुम्हाला तरी कुठे येतात!" आणि बॅग उचलून गेलास. दादा, तुम्ही दोघंही खरं बोलत होतात. पुस्तक मेर्लोपुरतं बरोबर होतं, बाबांचं दर वर्षी तोडणीला उशिरापर्यंत थांबणं वेलीपुरतं. (बाबा का थांबायचे? तर आपली जमीन आळशी आहे म्हणून. बाईंनी जमिनीची निर्दोष सुटका केली.) ज्या मेर्लोवरून तुम्ही इतकी वर्षं अबोला धरलाय, ती आपल्याकडे नाहीच.

हे कळल्यावर बाबांनी टोपी काढली. मग हळूच विचारलं, "मग हिला म्हणायचं काय?" "कार्मेनेर," बाई म्हणाल्या. तेव्हापासून रोज सकाळी ते वेलींच्या ओळींतून पुटपुटत फिरतात. मला वाटलं, जपमाळ ओढतायत. जवळ जाऊन ऐकलं तर नाव पाठ करत होते. मला हसू आलं आणि रडूही आलं.

तिकडच्या वाऱ्याला माझ्यातर्फे चार शिव्या, तुला मात्र खूप प्रेम.

तुझी,
एदेल्मिरा

ता. क. : हे पत्र लिहितेय ते बाबांना ठाऊक नाही.

आणखी एक ता. क. : खोऱ्यात सगळ्यांची तोडणी उरकली, आपली द्राक्षं अजून वेलीवर आहेत. बाबा रोज म्हणतात, अजून पिकली नाहीत. मी चाखून पाहिली, पिकलीत. ते तुझ्यासाठी थांबलेत आणि हे ते जन्मात बोलणार नाहीत. पण मे महिन्यातला हिवाळ्याचा पाऊस थांबणार नाही. एकदा आला की सगळं कुजेल. मिळेल त्या बसने निघ.

शेवटचा ता. क. : बाबांनी पाठीमागे उभं राहून सगळं वाचलं. म्हणतात, "ते पावसाचं खोडून टाक. पोरगं घाबरून धावत येईल आणि आल्या आल्या पुन्हा कच्चीच तोडेल. सावकाश ये म्हणाव."