हिरीला कोणाच्या हिशेबात धरू नये

मी, पुष्पा लाहू भुरकुड, वय वर्षे सव्वीस, अविवाहित, नोकरी कनिष्ठ लिपिक, सध्या राहणार सरावली, तालुका डहाणू, मूळ गाव उधवा, तालुका तलासरी, जिल्हा ठाणे, हा कागद पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि माझ्याच हाताने लिहीत आहे. येत्या आठवड्यात मुंबईच्या इस्पितळात माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी धीर दिला आहे. पण माझे काही देणे बाकी आहे, आणि मी राहिले नाही तर ते कोण फेडील व माझ्या वतीने कोण बोलेल, हे कुठेच लिहिलेले नाही. आमच्या घरात लिहायला शिकलेली मी पहिलीच. कायद्याची भाषा चुकली असेल तर हेतू पाहावा.

१. माझ्या मागे सर्व व्यवस्था माझ्या कार्यालयातील सहकारी जयमाला राऊत यांनी पाहावी. त्यांनी होकार दिला आहे. होकार देताना त्या रागावल्या आणि म्हणाल्या, "परत आलीस की हा कागद तुझ्यासमोर टराटरा फाडणार आहे मी." तसे झाल्यास माझी हरकत नाही.

२. घर माझ्या नावावर नाही. उधव्याचे कुडाचे घर वडिलांचे, ते आता आईचे, म्हणजे शुक्री लाहू भुरकुड हिचे आहे. सरावलीच्या खोलीची अनामत घरमालकाकडून परत घ्यावी. मागची मोरी मी वापरायला लागण्यापूर्वीच फुटलेली होती, तिचे पैसे कापू देऊ नयेत. पोस्टातील शिल्लक आईच्या नावे लावली आहे. कार्यालयाकडून माझ्या पश्चात फंड आणि विम्याची जी रक्कम येईल, तिलाही आईचेच नाव आहे. मात्र आईला मी समजावले आहे की त्यातून आधी देणी द्यायची. तिने मान हलवली. तेवढे पुरेसे धरावे.

३. सायकल, पंखा आणि लोखंडी कपाट माझी बहीण हिरी हिला. कपाटाचे दार थोडे वर उचलून ढकलावे लागते, हे तिला दाखवावे. मनगटी घड्याळ आईला. आई घड्याळ वाचत नाही, पण माझ्या हातातले ते कानाला लावून ऐकायला तिला आवडते.

४. देणे कसे झाले ते जयमालाताईंना माहीत असावे म्हणून लिहिते. आमच्यात बऱ्याच घरी नवराबायको संसार आधी सुरू करतात आणि खर्च जमेल तेव्हा लग्न लावतात. माझ्या आईवडिलांचे लग्न मी दहावीत असताना लागले. वडिलांचा खोकला तेव्हा वाढला होता आणि त्यांनीच हट्ट धरला, "शुक्रीला लग्नाशिवाय ठेवून मी जाणार नाय." मी वसतिगृहातून सुट्टी काढून आले. हिरी आईच्या कडेवर होती. त्या लग्नासाठी वडिलांनी बोर्डीच्या रोशनबाईंच्या चिकूच्या वाडीतून उचल घेतली, कारण ते तिथेच कामाला होते. धान्य आणि कपडा तलासरीच्या दर्शनशेठ शहा यांच्या दुकानातून उधार आणला. लग्न लावणारी धवलेरी आमच्याच पाड्यावरची भिकी. तिचे लुगडे आणि तांदूळ राहून गेले. दोन वर्षांनी वडील वारले. ते लग्न मी खर्चिक मानत नाही. मांडवात माझे वडील हसत होते.

५. नोकरी लागल्यावर देणे मी माझ्याकडे घेतले. आमच्या कार्यालयातील ज्येष्ठ लिपिक श्यामकांत चुरी, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, यांनी मध्यस्थी केली. पगाराच्या टेबलावरच ते माझ्या पैशांतून हप्ता बाजूला काढीत आणि स्कूटरवरून पोहोचवीत. एक पैसाही त्यांनी खाल्ला नाही. पेट्रोलचे घेत, ते योग्यच होते. मी वर्षभर सुखाने झोपले. त्यांची रीत अशी, की जो मोठ्याने मागतो त्याला आधी द्यायचे. भिकीने कधी मागितले नाही, म्हणून तिचे नाव त्यांच्या हिशेबात आलेच नाही.

६. त्यानंतरच्या चैत्रात मी आईबरोबर विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेला गेले. तिथे बांगड्यांच्या दुकानापाशी हिरी दिसली. नऊ वर्षांची हिरी. मी समजत होते की ती आश्रमशाळेत आहे. तिच्या कडेवर रोशनबाईंचा नातू होता आणि दुसऱ्या हातात पिशवी.

मी विचारले, "शाळेतून आलीस का ग?"

ती म्हणाली, "ताई, मी शाळेत नाय. मी बाईंकडं असते, बोर्डीला. तूच सांगितलंस ना?"

मी आईकडे पाहिले. आई म्हणाली, "तुझे भाऊ आले होते स्कूटरवर. म्हणाले, हिरी बाईंकडं कामाला राहिली तर व्याज थांबतंय, पुष्पाची इच्छा आहे. तुझा पगार त्यांच्या हातात असतो, मग तुझा शब्द पण असेल ना?"

आईची यात चूक नाही. माझा पगार ज्याच्या हातातून येतो, तो माझ्यातर्फेच बोलतो, असे तिला वाटले. माझ्या जागी कोणालाही मानणारी ती नाही, पण सही-शिक्क्याच्या माणसांसमोर ती लगेच मान हलवते.

७. दुसऱ्या दिवशी मी भाऊंना सांगितले की यापुढे हप्ते मी स्वतः देईन. ते दुखावले. "अगं पुष्पा, बोर्डीची बाई तुला बसायला खुर्ची तरी देईल का? माझ्या शब्दाला वजन आहे म्हणून चाललंय. आणि पोरगी तिथं पोटभर जेवते, वाईट काय केलं मी?"

मी म्हणाले, "भाऊ, शब्द तुमचा होता. बहीण माझी आहे."

त्यानंतर मी कार्यालयातल्या जुन्या फायलींच्या खोलीत जाऊन बसले.

८. खोलीचे भाडे, आईचे धान्य आणि हिरीचा खर्च काढून जे उरेल त्याचे तीन भाग करायचे असे मी ठरवले. ज्याचे देणे मोठे त्याचा भाग मोठा, पण कोणालाही शून्य नाही. हे मी तिघांना प्रत्यक्ष जाऊन सांगितले. दर्शनशेठ म्हणाले, "बेन, थोडं दे पण स्वतः दे. हल्ली मध्यस्थच जास्त झालेत." व्याज त्यांनी सोडले.

रोशनबाईंनी मला खुर्ची दिली, हे भाऊंना कळावे. पण बोलणे सोपे झाले नाही. मी म्हणाले, हिरीने वर्षभर केलेले काम मुद्दलातून वजा करा.

"आणि मी तिला दोन फ्रॉक शिवले ते कुठं धरू? तिला ताप आला तेव्हा माझ्या पलंगावर झोपवली, ते कुठं धरू, दीकरी?"

मी रडले, त्याही रडल्या, आणि हिशेब तिथेच राहिला. हिरी मात्र त्याच दिवशी माझ्याबरोबर बसने परत आली. व्याज पुन्हा सुरू झाले, ते मी देत आहे. रोशनबाई वाईट नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचे कलम त्यांच्या चांगुलपणाविरुद्ध आहे.

९. माझ्या आजाराचे कळल्यावर रोशनबाईंनी आईला निरोप पाठवला, "काही झालं तर हिरीला माझ्याकडे आणा, मी सांभाळीन, पैशाचं नाव काढणार नाही." आईला तो देवाचा निरोप वाटला. म्हणून स्पष्ट लिहिते. मृत्युपत्रात माणूस आपली मिळकत दुसऱ्याला देतो. हिरी माझी मिळकत नाही, आईची नाही, वडिलांच्या उचलीचीही नाही. तिला व्याजात, मुद्दलात, उपकारात किंवा मायेत कोणाच्याही हिशेबात धरू नये. ती आता बारा वर्षांची आहे आणि आश्रमशाळेत सहावीत आहे. देणी फिटून उरलेली सर्व रक्कम तिच्या शिक्षणासाठी आहे. तिला शिकायचे नसेल तर तसे तिने स्वतः सांगावे. तिच्या वतीने दुसऱ्या कोणाचे ऐकू नये.

१०. डॉक्टरांनी ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीच सुचवले होते. बिनपगारी रजा आणि हप्ते एकदम जमेनात, म्हणून लांबले. ते कोणासाठी लांबले हे हिरीला कधीही सांगू नये. माझ्या नातेवाइकांपैकी कोणी बोलण्याच्या भरात सांगितलेच, तर जयमालाताईंनी ते खोटे आहे असे सांगावे. एवढे एक खोटे मी त्यांच्याकडून मागते.

११. भिकीकडे मी तिचा भाग घेऊन गेले तेव्हा ती म्हणाली, "आता कशाला? तुझ्या लग्नाला येईन ना मी गायला. तेव्हा दे, आईचं आणि तुझं एकदम." तिने पैसे घेतलेच नाहीत. तिचा भाग मी दर महिन्याला पोस्टात वेगळा टाकत आले. त्यातून तिला चांगले लुगडे आणि तांदूळ द्यावेत. माझ्या लग्नाची वाट पाहू नये, असे तिला सांगावे. तिला आता नीट दिसत नाही, म्हणून लुगडे मऊ बघून घ्यावे.

१२. श्यामकांतभाऊंना माझ्याकडून काही देणे नाही व येणे नाही. त्यांनी माझ्या अंत्यविधीला यावे, पुढे उभे राहावे. कार्यालयात शोकसभा झाल्यास मात्र त्यांनी माझ्या वतीने काही बोलू नये.

१३. हिशेब करताना एक गोष्ट लक्षात आली, ती लिहून ठेवते. मी गेले तर फंडाच्या पैशांतून सगळी देणी एका दिवसात फिटतात. जगले तर आणखी तीन वर्षे लागतील. हे कोणी आईसमोर बोलू नये. मला तीन वर्षे हवी आहेत.

हा कागद दोन्ही साक्षीदारांना मी मोठ्याने वाचून दाखवला. दहावे आणि तेरावे कलम मात्र आईला पाण्याला पाठवून वाचले. ज्यांचे देणे आहे त्यांनीच ऐकलेले असावे म्हणून त्यांना बोलावले. आईलाही अंगठा उठवायचा होता. ज्याला मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये असे सांगितल्यावर ती दाराशी जाऊन बसली.

ठिकाण: सरावली, तालुका डहाणू
दिनांक: १६ नोव्हेंबर १९९१

सही: पुष्पा लाहू भुरकुड

साक्षीदार:

१. दर्शन शहा, व्यापारी, तलासरी. माझ्यासमोर सही केली. उधारीची घाई नाही.

२. रोशन इराणी, बागायतदार, बोर्डी. सही गुजरातीत केली आहे, मजकूर माझ्या सांगण्यावरून जयमालाबेनने लिहिला: पुष्पाने माझ्यासमोर सही केली. नववे कलम ऐकून मला राग आला आणि तो मी तिला बोलून दाखवला. तिने ते कलम खोडले नाही. मी तिला पुन्हा वाचायला लावले. हिरीला मी बोलावणार नाही. कबूल.