तालमीच्या भिंतीवरचा बारावा पैलवान

कोल्हापूर,
ता. ११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

विज्या,

उमरचा सलाम घे. घ्यायचा नसला तरी घे, आता पाकीट फोडलंच हाईस. स्नेहल वहिनींना नमस्कार सांग. आमच्याकडं सगळी बरी हाईत. तुझ्या नजीराभाभीचं गुडघं दुखत्यात, पण जीभ ठणठणीत हाय. इचलकरंजी तासाभरावर आणि मी तुला नऊ वर्सांनी पत्र लिहितोय, ह्यावरनं ती सकाळपासनं मला टोचतीया. फोन तू उचलत न्हाईस, मग करू काय?

काम असं हाय. तालमीची भिंत आठवती न्हवं? आपण दोघांनी पंधरा पैलवान काढायचं ठरलेलं. बारा झालं, तीन राहिलं. आता यशराज तालमीचा अध्यक्ष झालाय. पोरगं चांगलं हाय. गेल्या आठवड्यात म्हणाला, "काका, कुस्त्यांच्या मैदानाच्या आधी भिंत पुरी करणार असला तर पुढच्या रविवारपतोर सांगा. न्हाईतर सगळी झाकून डिजिटल लावतो." छापलेलं फ्लेक्स, अर्ध्या दिवसात लागतंय. मी म्हटलं, बघतो. तवापासनं नुसता बघतोयच.

काल जाऊन समोरच्या कट्ट्यावर बसलो. काय दिवस होतं लेका! सकाळी गंगावेशीत म्हशीखालचं दूध प्यायचं, मिशा पुसायच्या आणि परांचीवर चढायचं. तू चेहरा काढायचास, मी अंग आणि खालची अक्षरं. तुझ्या चेहऱ्याला माझा हात न्हाई आणि माझ्या मांडीला तुझा न्हाई, असा करारच होता आपला. आत पोरं धाडधाड आपटायची, परांची हलायची आणि तू वरनं शिव्या घालायचास, "नाक वाकडं झालं की रं!" दहाव्याचं नाक अजून वाकडंच हाय. त्येच्या नातवाचं बी तसंच निघालं, म्हणून कोण काय बोलत न्हाई.

मग बारावा. ज्ञानूआण्णा, तुझं वडील. त्यांचा तरण्यापणीचा एक बी फोटो न्हवता, म्हणून तूच आठवून चेहरा काढणार होतास. तेवढ्यात तू मेव्हणीच्या लग्नाला आजऱ्याला गेलास. तीन दिवसांनी आलास, तर मी चेहरा रंगवून मोकळा. तू भर तालमीत वरडलास, "हे कान कुणाचं? माझ्या बापाला पोस्टातला कारकून केलास व्हय रं!" पैलवानाचं कान मातीत घासून, मोडून, सुजून गड्डा झालेलं असत्यात, हे आपल्या गल्लीतलं बारकं पोर बी सांगंल. आणि मी ज्ञानूआण्णांना सरळ, गुळगुळीत कान दिलतं. सगळी हसली. मी बी चिडलो, म्हणालो, "मग तूच काढ तुझा बाप." तू ब्रश टाकलास आणि गेलास ते गेलासच.

अर्ध्या तासाची दुरुस्ती होती. नऊ वर्सांत मी केली न्हाई. कुणी इचारलं की म्हणायचो, विज्या येईल तवा करंल.

विज्या, ती चूक न्हवती. ते कान माझ्या अब्बांचं हाईत. कान, डोळं, हनवटी, सगळं त्यांचं. लग्नातल्या फोटोवरनं काढलं, दाढी ठेवायच्या आधीचं, म्हणून कुणाला कळलं न्हाई, आणि तू कानातच अडकलास. माझ्या अब्बांनी, कुतुबुद्दीननी, चाळीस वर्सं तालमीच्या कुस्तीच्या हौद्यातली माती उकरली. ताक, लिंबू, हळद घालून मळली, एकेक खडा वेचला. तुझ्या वडिलांनी ज्या मातीत नाव काढलं ती माझ्या बापानं मऊ केलेली. पण अब्बांचा लहानपणीच पाय मोडलेला, कुस्ती कधी खेळलं न्हाईत. आणि भिंतीवर जागा मैदान मारलेल्यालाच, हा तालमीचा नेम. तू न्हवतास. खडू माझ्या हातात होता. मी चोरी केली.

अब्बांनी येऊन बघितलं. ओळखलं. घरी येऊन त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तीन वर्सांमागं ते गेलं, तवा तू मातीला आलतास. लांब उभा राहून गेलास, मी बघितलतं. लय लाज वाटली. पळत येऊन सांगावं वाटलं, पण मान खाली घालून मूठमूठ माती टाकत राहिलो.

डिजिटल लाव बाबा, असं चारदा यशराजला सांगायला गेलो आणि माघारी फिरलो. अब्बा फ्लेक्सखाली जातील, पण पुसावं तर लागणार न्हाई. कुणाला कळणार बी न्हाई. पण मग ज्ञानूआण्णा कधीच भिंतीवर यायचं न्हाईत आणि आपलं पंधराचं काम बारावरच मेलं म्हणायचं. आपण रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या तर सगळ्या गेल्या. आपल्या हातचं म्हणून दाखवायला ही एक भिंत राहिलीया.

आज सकाळी सांगून आलो, आम्ही पुरी करतो. 'आम्ही' म्हणालो, तुला न इचारता.

रविवारी परांची बांधतोय. पहिलं काम बाराव्याचं. गेल्या आठ दिवसांत तीनदा पांढरा रंग घेऊन शिडीवर चढलो आणि तसाच उतरलो. बापाच्या डोळ्यांवर ब्रश फिरवायला माझा हात उठत न्हाई रं. तू ये. अब्बांना तू पूस आणि तिथं ज्ञानूआण्णा काढ. मी खाली पाठ करून उभा राहतो. पुसून झालं की हाक मार.

नऊ वर्सं तुझ्या वडिलांची जागा अडवून बसलेला,
उमर