वाफेतल्या बाईचं चित्र

मी, भागवत शेषराव इढोळे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, सेवानिवृत्त चित्रकला शिक्षक, राहणार अनसिंग, तालुका व जिल्हा वाशीम, पूर्ण शुद्धीत असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. हात थोडा थरथरतो, पण अक्षर अजून पुष्कळ तरण्या मास्तरांपेक्षा बरं आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असून रंग मला स्वच्छ दिसतात. माझ्या डोक्याविषयी कोणाला शंका असल्यास त्याने माझी पत्नी प्रयागबाई हिला विचारावं. ती सांगेल की डोकं पहिल्यापासून असंच आहे. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. अनसिंग येथील माझं राहतं घर, रस्त्याकडची खोली वगळून, प्रयागबाईच्या हयातीत तिचं व तिच्या पश्चात मुलगा ऋषिकेश याचं राहील. वडिलोपार्जित दोन एकर शेत ऋषिकेशचं. त्याने ते विकू नये असं मी म्हणत नाही, कारण म्हटलं तरी तो ऐकणार नाही. बांधावरचं पळसाचं झाड मात्र तोडू नये. एकतीस वर्षं पोरांना केशरी रंग मी त्या झाडाखाली नेऊन दाखवला आहे.

कलम २. माझा बारा नंबरचा ब्रश माझे सहशिक्षक पंजाबराव यांनी २००३ साली शाळेच्या गॅदरिंगच्या वेळी मागून नेला आणि खळ लावायला वापरला. तो परत आला तेव्हा लाकडासारखा कडक झाला होता. याबद्दल मी त्यांच्याशी दोन वर्षं बोललो नाही. तो ब्रश मी त्यांना बक्षीस देतो. या मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून मी मुद्दाम त्यांनाच बोलावलं आहे, म्हणजे हे कलम त्यांना कानांनी ऐकावं लागेल.

कलम ३. आता ज्यासाठी हा कागद घेऊन बसलो ते लिहितो.

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत स्मरणचित्र नावाचा पेपर असतो. जे पाहिलं ते आठवून काढायचं, असा त्याचा साधा अर्थ. पण निकाल शंभर टक्के लागावा म्हणून मी पोरांकडून स्मरणचित्रं पाठ करून घेत असे. फुगेवाला, सायकलवाला, घागरवाली आणि मागे नारळाची दोन झाडं. विषय कोणताही येवो, हीच माणसं इकडून तिकडे हलवायची. आमच्या भागात नारळ देवापुढे फुटतो, झाडाला लागलेला त्या पोरांनी कधी पाहिला नव्हता. तरी चाळीसच्या चाळीस पोरं नारळाची झाडं काढत. मला त्याचा अभिमान होता.

१९९८ साली सराव परीक्षेत 'शेतातील काम' हा विषय दिला. नववीतली राखी जगदेव राऊत, भाजीपाला पिकवणाऱ्या घरची मुलगी, हिने हळद शिजवण्याचं चित्र काढलं. अर्धा कागद भरून कढई, आणि बाकी सगळी पिवळट वाफ. त्या वाफेत तिची आई उभी. नुसते हात दिसतात, बांगड्या दिसतात, आणि खाली पाय. मी विचारलं, "चेहरा कुठे आहे?"

ती म्हणाली, "सर, वाफेत नाईच दिसत ना मायचा चेहरा."

"दिसत नाही तर काढायचं कशाला?" असं मी सगळ्या वर्गासमोर म्हणालो. पोरं हसली. लाल शाईने कागदावर लिहिलं, 'आकृती अपूर्ण. हे चित्र नव्हे.' तिला म्हणालो, चित्रकला तुझ्यात नाही. आणि परीक्षेचा तिचा फॉर्म पाठवला नाही. निकाल शंभर टक्के लागला.

कागद मात्र फाडला नाही. का नाही फाडला, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. खरं म्हणजे कळलं होतं.

तीन वर्षांनी वाशीमचे हळदीचे व्यापारी दौलतसिंग यांनी पाकिटासाठी चित्र मागितलं. मी आठ दिवस बसलो. हाताला सवय असलेली घागरवाली निघे, नारळ निघे. नवव्या दिवशी ट्रंकेतून राखीचा कागद काढला आणि रेघन् रेघ उतरवून घेतला. खाली सही माझी. ते पाकीट आज जिल्ह्यात घरोघरी आहे. त्या चित्राबद्दल मला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, मानपत्र मिळालं. शाळाशाळांतून 'कल्पना कशी सुचते' या विषयावर मला भाषणाला बोलावू लागले. मी सांगत असे, पहाटे सुचली, प्रेरणा म्हणजे वरून येणारी गोष्ट आहे. पोरं टाळ्या वाजवत.

हे कलम मी आधी कच्चं लिहून प्रयागबाईला वाचून दाखवलं. त्यात 'सदर चित्रावरून मला प्रेरणा मिळाली' असं लिहिलं होतं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "अवं, चोरी केली तं चोरी म्हना ना. प्रेरना कायले म्हनता?"

म्हणून लिहितो, मी चोरी केली.

कलम ४. मागच्या दिवाळीआधी वाशीमच्या भाजीबाजारात एका दुकानासमोर मी थबकलो. दुकान कसलं, जमिनीवर अंथरलेलं पोतं. पण त्यावर वांगी, हिरव्या मिरच्या, टमाटे आणि मधोमध एकच कोहळं असं मांडलेलं होतं की माझा पाय उचलेना. सगळा बाजार ढीग घालून बसला होता आणि या बाईने जागा मोकळी सोडली होती. कोहळ्याभोवतीची ती मोकळी जागा मी ओळखली. मान वर केली तर राखी.

मी तिथेच, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, सगळं सांगून टाकलं. ती मिरच्या तोलत होती, तो हात थांबला.

"म्हंजे पाकिटावरची ते माहीच माय होय?" ती म्हणाली. "सर, माय जाऊन अकरा वर्सं झाली. तिचा एक फोटो नाई घरात. मी ते पाकीट पाहू पाहू म्हनो, कोनाची तरी माय माह्या मायसारखीच उभी राह्यते."

मला रडू आलं. बाजारात आलं. तिने मला पोत्यावर बसवलं आणि पाणी दिलं. मग म्हणाली, "तुमी मले म्हनलं होतं, तुह्यात नाई. तवापासून मी पेन्सिल नाई धरली. तुमी सर होते ना."

एवढंच म्हणाली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

कलम ५. यास्तव माझ्या घराची रस्त्याकडची खोली, दहा बाय बारा, स्वतंत्र दार असलेली, त्यातील चित्राचा घोडा, रंग, बाकीचे सगळे ब्रश, कागदांचं कपाट व लोखंडी ट्रंक यांसह सौ. राखी उत्कर्ष वानखडे, माहेरची राऊत, हिला मी देतो. ऋषिकेश फोनवर म्हणाला, "बाबा, माफी मागा ना, खोली कायले देता?" माफी मी मागितली आहे. माफीत बसून चित्र काढता येत नाही. त्याने किंवा इतर कोणीही या कलमास हरकत घेऊ नये.

हे मी राखीला सांगायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "मेल्यावर कायले देता सर? तुमी अजून दहा वर्सं मरत नाई. आत्ताच द्या किल्ली." किल्ली दिली आहे. १९९८ चा कागदही दिला आहे. दर मंगळवारी दुपारी, बाजार आटोपला की ती अनसिंगची बस धरते, आणि घोड्यावर कोरा कागद लावून संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे पाहत बसते.

कलम ६. पाकिटावर यापुढे 'चित्र : राखी राऊत' असं छापावं, असं मी दौलतसिंग यांना लेखी कळवलं आहे. ते म्हणाले, "सर, आता कोन पायते ते?" मी पाहतो. मी नसेन तेव्हा ऋषिकेशने पाहावं. भिंतीवरचं मानपत्र उतरवलं आहे, तिथे चौकोनी डाग पडला आहे, तो तसाच राहू द्यावा.

कलम ७. माझा लाल शाईचा पेन कोणालाही देऊ नये. तो माझ्यासोबत सरणावर ठेवावा.

कलम ८. त्या खोलीत राखी काय काढते, कसं काढते, यावर घरातल्या कोणी बोलू नये. हे कलम मी प्रामुख्याने स्वतःसाठी लिहीत आहे.

हे मृत्युपत्र मी साक्षीदारांना वाचून दाखवलं. पंजाबराव कलम २ ला हसले आणि कलम ३ ला चष्मा पुसत बसले. खोली तिला मिळणार म्हणून वकिलांच्या सल्ल्याने राखीला साक्षीदार केलेलं नाही (कडक ब्रशाला ही अडचण नाही, असंही वकील म्हणाले), पण आज ती इथेच कोपऱ्यात बसून होती. मी वाचून दाखवत होतो तेवढ्या वेळात तिने माझं चित्र काढलं आणि माझ्यासमोर धरलं. सत्तावीस वर्षांनंतरचं तिचं पहिलं चित्र. या वेळी चेहरा आहे.

नाक लांब झालं आहे. मी काही बोललो नाही.

लिहून ठेवणार : भागवत शेषराव इढोळे (सही)

साक्षीदार :
१. पंजाबराव सखाराम कव्हर, सेवानिवृत्त शिक्षक (सही). ब्रश मिळाला.
२. धरमसिंग भाऊसिंग चव्हाण, शेजारी (सही)

स्थळ : रस्त्याकडची खोली, अनसिंग, जि. वाशीम
दिनांक : १८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार