पाच जणांच्या आठ्या

तीर्थरूप आत्यास नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल असं धरून चालतो. मी बरा आहे. नोकरीही शाबूत आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

स्टुडिओत माझं काम मागच्या खोलीत, फोटोतल्या माणसांच्या कपाळावरच्या आठ्या पुसण्याचं. (जिवंत माणसांच्या आठ्यांशी माझं कधीच जमलं नाही.) पण फोटोग्राफरची दाढ दुखली आणि एका शाळेतल्या शिक्षकांचा ग्रुप फोटो काढायला मालकांनी मला पाठवलं. एक्केचाळीस शिक्षक. स्टँडचा पाय घसरला, कॅमेरा मी छातीवर झेलला, तो पुन्हा उभा केला आणि दोन पावलं लांब जाऊन रिमोटचं बटण दाबलं. तेवढ्या वेळात मान वर केली नाही. चेहरा एकही आठवत नाही. चपला सगळ्या सांगेन.

आठ्या पुसल्या, फोटो फ्रेम होऊन गेला. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांचा फोन. छत्तीस कपाळं इस्त्री केल्यासारखी आणि पाच जशीच्या तशी; या पाचांनी तुमचं काय घोडं मारलंय? मालकांनी मूळ फोटो समोर धरला. पाचही जणांची नजर कॅमेरा सोडून बाजूला, बरोब्बर मी उभा होतो तिथे, खाऊ की गिळू अशी. "ओळखतोस यांना?" मी नाही म्हणालो आणि ते खरं होतं. (मला आठवत नव्हतं. हाताला आठवत होतं. पुसताना तो त्या रोखलेल्या नजरांना वळसा घालून गेला.) "पाचही जणांची माफी मागून ये, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस," मालक म्हणाले.

गेलो. पाठ केलेली माफी टेबलाच्या पायाकडे बघत म्हटली. पाचांतल्या चित्रकलेच्या बाई हसल्या. "अहो, डोळ्यांवर ऊन येत होतं आमच्या. तुमच्याकडे बघतंय कोण!"

आत्या, इतकं प्रेमळ मला आजवर कुणी बोललं नव्हतं. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं! परतताना रस्ताभर मान वर करून चाललो (एका खांबाला धडकलो, ते असो).

तुझा,
भाचा

ता. क. बाईंनी शनिवारी घरी चहाला बोलावलंय. "आत्याला घेऊन येतो," असं मी बोलून बसलोय. पत्र त्यासाठीच.

ता. क. आणखी एक. मूळ फोटो आज पुन्हा नीट पाहिला. त्या पाचांपैकी ऊन चौघांच्याच तोंडावर आहे. बाई झाडाच्या सावलीत उभ्या आहेत. शुक्रवारीच ये.